नीतिसूत्रांचा बत्तिसावा अध्याय

उपासना चालू असताना मध्येच उभा राहणारा एकच माणूस आमच्या मंडळीत होता. पाळक काही ठासून सांगू लागले, की तिसऱ्या बाकावरून चष्म्याची डबी मिटल्याचा टक् असा आवाज यायचा. मग शमुवेल गुरुजी सावकाश उठायचे आणि विचारायचे, "पाळकसाहेब, कुठी लिवलं हाय?" आवाजात राग नसायचा, कुत्सितपणा तर नाहीच. बस कुठल्या फलाटावर लागते हे विचारावं, इतकं साधं विचारायचे. पाळकांनी अध्याय आणि वचन सांगितलं की गुरुजी आपल्या पवित्र शास्त्रात ते काढायचे, बोट ठेवून वाचायचे, "बराबर" म्हणायचे आणि बसायचे. वचन सापडलं नाही तर उभेच राहायचे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच चर्चमध्ये असा एक माणूस नेमलेला असतो.

खामगावात आमची मंडळी लहान. जुन्या मिशनच्या काळात विश्वासात आलेली घरं, त्यांचीच पोरंबाळं आणि सुना. आमच्या चर्चला आम्ही अजून देऊळच म्हणतो, नवे लोक त्याला हसतात. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, आणि रविवारी सकाळी आम्हा पोरांची शब्बाथ शाळा तेच घ्यायचे. त्यांची शिकवायची रीत और होती. गोष्ट रंगवून सांगायची आणि तिच्यात एक खोटं मिसळून द्यायचं. जलप्रलयाच्या वेळी नोहाने तारवात, म्हणजे त्याच्या जहाजात, माशांसाठी हौद बांधला होता, असं ते एकदा गंभीर चेहऱ्याने म्हणाले. आम्ही माना डोलावल्या. सुधाकर नावाच्या पोराने तेवढं शास्त्र उघडलं, ओळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "गुरुजी, हौद नाही अठी." गुरुजींनी खिशातून संत्र्याची गोळी काढून त्याच्या हातावर ठेवली. त्यांचा चेहरा असा फुलला होता, की गोळी त्यांनाच मिळाली असं वाटावं.

"मी शिकोतो म्हून खरं समजू नोका बे," ते म्हणायचे. "माणसावर माया करा, त्याले जेवू घाला, त्याच्या दुखण्याले धावून जा. पण तो देवाबद्दल काही सांगून राह्यला, तं घरी जाऊन पुस्तक उघडा." सुधाकरने त्या वर्षांत इतक्या गोळ्या जिंकल्या, की त्याचे दात किडले ते गुरुजींमुळे, असं त्याची आई सांगायची.

गुरुजींच्या घरी मार्थाकाकू होत्या. देऊळगाव राजाकडच्या, मराठवाड्याच्या शिवेवरच्या. त्या 'मला', 'तुला' म्हणायच्या आणि गुरुजी 'मले', 'तुले'. त्यावरून दोघांची आयुष्यभर चेष्टा चालायची. "मराठवाड्याची राणी हाय बा, आपलं वऱ्हाडी तिले कसं पचल," गुरुजी म्हणायचे. काकू लाटणं न थांबवता म्हणायच्या, "पचलं म्हणूनच चाळीस वर्षं टिकले." पुढे काकूंना अर्धांगवायू झाला आणि त्या खाटेला खिळल्या. गुरुजी त्यांचं सगळं करायचे. कूस बदलायचे, वेणी घालायचे, वाडग्यातून भरवायचे. दर महिन्याला पाळक घरी येऊन काकूंना प्रभुभोजनाच्या भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट द्यायचे. त्या दिवशी काकू सकाळपासून नवं पातळ नेसवायला लावायच्या. महिन्याभरात त्यांना दुसऱ्या कशाचीच वाट पाहायची नसायची.

मग जुने पाळक गेले आणि नवे पास्टर आले. तरुण, गिटार वाजवणारे, दवाखान्यात कुणी असलं की रात्र न बघता धावणारे. वाईट माणूस नव्हता, हे मी मुद्दाम सांगते, कारण वाईट असता तर सगळं सोपं झालं असतं. त्यांचे एक नागपूरचे मोठे पास्टर होते. त्यांचे व्हिडिओ आमच्या ग्रुपवर रोज यायचे आणि आमच्या पास्टरांचं प्रत्येक वाक्य "आमचे मोठे पास्टर म्हणतात" इथून सुरू व्हायचं. पहिल्याच महिन्यात तिसऱ्या बाकावरून टक् असा आवाज आला.

"पौलासारखा माणूस सांगून राह्यला, तरी बिरुया गावचे लोक घरी जाऊन शास्त्रात पाहत होते, हे खरं हाय का म्हून," गुरुजी उभे राहून म्हणाले. "पौलाले त्याचा राग नाही आला. तुमच्या मोठ्या पास्टरले काऊन येते?"

पास्टर हसले. उत्तर त्यांच्याकडे तयार होतं, आणि खरं सांगायचं तर चांगलं होतं. "गुरुजी, तो हबशी अधिकारी आठवतो ना? रथात बसून शास्त्र वाचत होता. हातात पुस्तक होतं, पण कळत नव्हतं. फिलिप्प शेजारी येऊन बसला, समजावून सांगितलं, तेव्हा कळलं. शिकवणारा माणूस लागतोच."

"बराबर," गुरुजी म्हणाले, पण बसले नाहीत. "आता पुढचं वाचा. समजून सांगतलं, बाप्तिस्मा देल्ला, आन् फिलिप्प गायब झाला. तो अधिकारी त्याच्याबिगर आनंदानं आपल्या रस्त्यानं गेला. तुमचे मोठे पास्टर कवा गायब होऊन राह्यले?"

अख्खं देऊळ हसलं, पास्टरसुद्धा हसले. आठवडाभर गल्लीत तेच वाक्य फिरत होतं. आणि तिथेच दुखणं सुरू झालं, कारण ते वाक्य आवडलेल्यांपैकी कुणीही घरी जाऊन फिलिप्पाची गोष्ट काढून पाहिली नव्हती. मंडळीत आता दोन बाजू झाल्या होत्या. एक म्हणायची 'पास्टर म्हणतात', दुसरी म्हणायची 'गुरुजी म्हणतात'. गुरुजींच्या बाजूचा म्होरक्या होता सुधाकर, तोच गोळ्या जिंकणारा. आता तो मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीचा प्रमुख होता आणि त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. गुरुजी पंखा दुरुस्तीला घेऊन गेले, तेव्हा तो गिऱ्हाइकाला मोठ्या अभिमानाने सांगत होता, "आपल्याले पुस्तकात डोकं घालायची गरजच नाही. आपल्यापाशी गुरुजी हाय." गुरुजी पंखा तसाच काखेत धरून घरी आले.

पुढच्या एका रविवारी पास्टर बाहेरगावी होते आणि संदेश द्यायला गुरुजींना उभं केलं. आईला ताप होता म्हणून मी घरी होते. शेजारणीने दुपारी येऊन सांगितलं, गुरुजी मेंढपाळावर फार सुंदर बोलले, आणि शेवटी त्यांनी असं वचन दिलं की अंगावर काटा आला. संध्याकाळपर्यंत ते वचन सात-आठ जणांच्या स्टेटसला लागलं होतं, मागे हिरवं कुरण आणि मावळता सूर्य: 'मेंढपाळाने विचारल्यावाचून मेंढराने तोंड उघडू नये. नीतिसूत्रे ३२, वचन ४.'

बुधवारी मी गुरुजींच्या घरचा डबा परत द्यायला गेले. गुरुजी ओट्यावर बसले होते, अंगात इस्त्रीचा सदरा, शेजारी स्टुलावर संत्र्याच्या गोळ्यांचं नवंकोरं पाकीट. मला पाहून ते ताडकन उठले.

"ये पोरी. पाह्यलं काय?"

"काय पाहिलं, गुरुजी?"

ते खाली बसले. पाकीट मांडीवर घेऊन म्हणाले, "नीतिसूत्राचे अध्याय किती हायेत, करुणा?"

नीतिसूत्रे हे शास्त्रातलं एक पुस्तक, पण त्याचे अध्याय किती ते मला आठवेना. आत जाऊन काकूंच्या उशाचं शास्त्र आणलं आणि पानं उलटली. एकतीस. बत्तिसावा अध्याय नाहीच. मी आधी हसले. म्हातारपणी शब्बाथ शाळेचा खेळ मोठ्यांशी खेळायचा म्हणजे शमुवेल गुरुजीच हवेत. पण ते हसत नव्हते.

"मी एवढं सोपं ठेवलं होतं," ते म्हणाले. "अध्यायच नसलेला देल्ला. आन् वचन असं देल्लं, की मी जनमभर जे सांगतलं त्याच्या नेमकं उलटं. म्हटलं, कोनी तरी मधातच उठंल. मी अठी तीन दिवसापासून वाट पाहून राह्यलो. कोनीच नाही आलं, पोरी. सगळे आमेन म्हणले." पाकीट त्यांनी माझ्यापुढे धरलं. मी घेतलं नाही, तर म्हणाले, "ने. मले गोड चालत नाही."

पुढच्या रविवारी त्यांनी सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं, की ते वचन खोटं होतं, आपण मनाने रचलं होतं, आणि शास्त्रात तो अध्यायच नाही. मला वाटलं होतं, लोक खजील होतील. निदान हसतील. तसलं काही झालं नाही. सुधाकरने हात जोडले आणि गहिवरून म्हणाला, "पाहा, याले म्हणतात नम्रता." मागून एक बाई म्हणाल्या, जुन्या भाषांतरात तो अध्याय होता, नव्यात गाळला, त्यांच्या सासऱ्यांनी वाचलेला त्यांना आठवत होता. गुरुजी घरी गेले आणि आपल्या आजोबांच्या वेळचं, कातडी बांधणीचं शास्त्र घेऊन आले. एकतिसाव्या अध्यायानंतर पुढचं पुस्तक सुरू होत होतं. दोन पंचांनी ते निरखून पाहिलं, शिवण चाचपली आणि एकमताने म्हणाले, "मधातलं पान गळालं असंल, गुरुजी. जुनं हाय ना."

मी पास्टरांना फोन केला. त्यांना तर माहीत असणारच होतं. ते म्हणाले, "ताई, वचन नाहीये ते, कबूल. पण विचार चांगला आहे. मंडळीत शिस्त येते त्याने." मी फोन ठेवला. इतकी चीड मला त्याआधी देवाधर्माच्या बाबतीत कधी आली नव्हती.

त्यानंतर काही महिन्यांनी मोठ्या पास्टरांची नवी शिकवण आली. तान्हेपणी कपाळावर पाणी शिंपडून झालेला बाप्तिस्मा खरा नव्हे, प्रत्येकाने मोठेपणी पाण्यात पूर्ण बुडून तो पुन्हा घ्यायचा, आणि घेतला नाही त्याला प्रभुभोजन नाही. यावर जगभर वाद आहेत, दोन्हीकडे वचनं आहेत. गुरुजी स्वतः म्हणायचे, "यात मी ठाम नाही. दोन्ही बाजू वाचा." पण वाचायची वेळ कुणावर आलीच नाही. एका शनिवारी सगळे टेम्पोत बसून धरणावर गेले आणि ओले होऊन परत आले. गुरुजींच्या बाजूचेही गेले. राहिले गुरुजी आणि मार्थाकाकू. काकूंना पाण्यात उतरवणं शक्य नव्हतं. पाठीला जखमा झाल्या होत्या आणि डॉक्टरांनी अंग पुसताना सुद्धा जपायला सांगितलं होतं. त्या महिन्यात पास्टर भाकर घेऊन आले नाहीत. काकू नवं पातळ नेसून दिवसभर दाराकडे बघत राहिल्या.

गुरुजींनी पंचकमिटीची सभा मागितली. मी स्त्रीमंडळाची प्रतिनिधी म्हणून तिथे होते, म्हणून जे पुढे लिहिते ते ऐकीव नाही. चष्म्याची डबी टक् करून मिटली. गुरुजी उठले.

"माह्या बायकोले भाकर देऊ नोका, हे कुठी लिवलं हाय? एक वचन दाखवा. दाखवलं तं मी गुमान घरी जातो."

पास्टरांनी खाली पाहिलं. मला वाटलं, आता कुणीतरी शास्त्र उघडेल. सुधाकर उठला. तो गुरुजींजवळ आला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं.

"गुरुजी, बसा तुमी. तुमीच शिकोलं ना आमाले, मेंढपाळानं इचारल्याबिगर मेंढरानं तोंड उघडू नये. पास्टर मेंढपाळ हायेत. त्याइनं ठरोलं, आता आपून नाही बोलायचं."

"सुधाकर, ते मी बनोलं होतं. तुले सांगतलं होतं मी. बत्तिसावा अध्याय नाही बाप्पा."

"गुरुजी," सुधाकर अगदी हळू म्हणाला, लहान मुलाची समजूत काढावी तसा. "तवा तुमची तब्येत चांगली होती. आता काकूच्या दुखण्यानं तुमचं मन थाऱ्यावर नाही. आमी तुमचं तवाचंच खरं धरतो."

मी उठून बोलले. काय काय बोलले ते आता आठवत नाही, मोठ्याने बोलले एवढं खरं. तर एक पंच मला म्हणाले, "करुणाताई, तुमालेबी ते वचन लागू हाय." गुरुजी खाली बसले. 'बराबर' न म्हणता ते बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

त्या आठवड्यात काकूंचं खाणं तुटलं. मी संध्याकाळी तिथे जात होते. एका संध्याकाळी गुरुजींनी पाट मांडला, ताटलीत भाकरीचा तुकडा ठेवला, पेल्यात काळ्या मनुका भिजवून काढलेला रस ओतला. पास्टरशिवाय दुसऱ्याने भाकर मोडू नये, असंही कुठे लिहिलेलं नाही, हे ते मला कितीदा म्हणाले होते. त्यांनी प्रार्थना केली, तुकडा मोडला आणि काकूंच्या ओठांजवळ नेला. काकूंनी डोळे उघडले. "पास्टर आले का?" त्यांनी विचारलं.

"मीच हाय, मार्था. ख्रिस्ताचीच भाकर हाय. घे."

"तुम्ही घरचे," काकू म्हणाल्या. बोलणं अडखळत होतं, पण शब्द स्पष्ट होते. "तुमचं सगळं ऐकलं मी आजवर. पण हे मला पास्टरच्या हातचंच पाहिजे." आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. गुरुजी हात पुढे धरून तसेच बसून राहिले. मी बाहेर ओट्यावर येऊन रडले. दोन दिवसांनी काकू गेल्या, भाकरीवाचून. दफनविधी पास्टरांनी फार छान केला, गिटारवर काकूंच्या आवडीचं गाणं म्हटलं, आणि गुरुजींना मिठी मारून ते स्वतःही रडले.

यानंतर गुरुजी वर्षभर जगले. दर रविवारी तिसऱ्या बाकावर यायचे, पण चष्मा डबीतून काढायचेच नाहीत. पास्टर काहीही सांगोत, ते समोरच्या भिंतीकडे बघायचे. कुणी शंका घेऊन घरी गेलं तर म्हणायचे, "मले इचारू नोका. मी खोटं बोलणारा माणूस हाय. पुस्तक उघडा." लोक परत येऊन सांगायचे, गुरुजी आता फार नम्र झाले. ते काय म्हणाले हे जो तो ग्रुपवर टाकायचा. पुस्तक कुणी उघडल्याचं मला माहीत नाही.

मी विचारलं होतं एकदा, एवढं सगळं कशासाठी केलंत. "फिलिप्पासारखं वक्तावर गायब होता आलं पायजे होतं मले," ते म्हणाले. "मी लय दिवस रथातच बसून राह्यलो, पोरी." मी म्हटलं, तुमच्यामुळे मी तरी पुस्तक उघडते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू बी मी सांगतलं म्हूनच उघडते."

उन्हाळ्यात एका दुपारी ते खुर्चीतच गेले. काकूंच्या शेजारी जागा मिळाली. दगडाचा खर्च सुधाकरने केला, कुणाला एक रुपया देऊ दिला नाही. काळा, गुळगुळीत, चांगला उंच दगड. तो बसवला त्या दिवशी मी फुलं घेऊन गेले. वर गुरुजींचं नाव, जन्म, मृत्यू, आणि खाली सोनेरी अक्षरांत: 'मेंढपाळाने विचारल्यावाचून मेंढराने तोंड उघडू नये. नीतिसूत्रे ३२:४.'

सुधाकर बाजूला उभा होता, गुरू गेलेल्या माणसासारखा उतरलेला. मला ओरडायचं होतं, पण आवाज निघाला तो गुरुजींचाच. तेच शब्द, तेवढ्याच हळू.

"सुधाकरभाऊ, हे कुठी लिवलं हाय?"

त्याने खिशातून रुमाल काढला, दगडावरची धूळ पुसली, मग शब्बाथ शाळेत फिरवायचा तसं ओळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "हे काय, ताई. अठी लिवलं हाय ना."